आईच्या हाताला बसेल असा फोन कुठला घ्यावा? (वय ७८, सिंधुदुर्ग, घरी एकटी)

आंब्याची राई

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं नीट लिहितो, म्हणजे तुम्हाला सांगायला सोपं जाईल.

आई ७८ वर्षांची. कणकवलीपासून आत आमची वाडी आहे, तिथं ती एकटीच असते. मी ठाण्यात, बहीण बेळगावात. दहाएक वर्षं आईकडे बटणांचा एक साधा फोन होता. बटणांवरचे आकडे पार पुसून गेले होते, पण तिला जागा पाठ होत्या. दोन नंबर दाबून धरला की मी, तीन धरला की बहीण. काळोखात, चष्मा नसतानासुद्धा ती बरोबर लावायची.

गेल्या पावसापासून त्या सिमची रेंज घरात येईनाशी झाली, फक्त रस्त्यावर गेल्यावर मिळायची. गणपतीत गेलो तेव्हा नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. आता खळ्यात आणि मागीलदारी चांगली रेंज आहे. पण नव्या कंपनीचं सिम जुन्या फोनमध्ये चालेना आणि नेमका तेव्हाच तो चार्जिंगही घेईनासा झाला. मी तालुक्याला जाऊन मोठ्या स्क्रीनचा स्मार्टफोन आणला. दुकानदार म्हणाला, आजीसाठी हाच बरा, अक्षरं मोठी दिसतात. माझ्याही मनात होतं की नातवंडं तिला व्हिडिओवर दिसतील.

दोन आठवड्यांत तो फोन कपाटात गेला. ती म्हणते, "माका तो काचेचो फोन नको. हात लावलो की पळता."

मला आधी वाटलं, सवयीनं जमेल. मग एका रात्री आठच्या सुमाराला मी पाच वेळा फोन केला, तिनं उचलला नाही. शेजारच्या काकांना उठवलं, ते बॅटरी घेऊन गेले. आई ओटीवर बसली होती, हातात फोन, फोन वाजत होता. नाव दिसत होतं, माझा फोन आहे हे तिला कळत होतं आणि तिला तो उचलता येत नव्हता. हिरव्या गोलावर ती बोट दाबत होती. तो दाबायचा नसतो, वर सरकवायचा असतो. हे काकांनी सांगितल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

तिची गरज एवढीच आहे: आमचे फोन घेणं. पाच जणांना फोन लावणं, म्हणजे मी, बहीण, शेजारचे काका, रिक्षावाला आणि डॉक्टर. सकाळी रेडिओ. रात्री गोठ्याकडे जायला बॅटरी. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यांच्या मागं तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्याचे बँकेचे मेसेज येतात. उजव्या कानानं कमी ऐकू येतं. मधुमेह आहे. पावसात वीज दोन-दोन दिवस जाते.

बजेट पाच हजार. तुम्ही तुमच्या आईवडिलांना काय दिलंत आणि ते खरोखर वापरतात का, एवढं सांगा.

रानजाई

बटणांचाच द्या, दुसरा विचारही करू नका. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत आम्ही वर्षभर हाच प्रयोग केला. त्यांनी फोन उचलणंच सोडून दिलं होतं आणि आम्ही समजत होतो की त्यांना आमच्याशी बोलायचं नाही.

पिन आणि पाना

मी गेली १६ वर्षं मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. म्हातारी माणसं रोज येतात. सविस्तर लिहितो.

फोन नंतर बघा, आधी सिम बघा. जिओचं टूजी नाहीच, तिथं बोलणंसुद्धा फोरजीवरून जातं. त्यामुळे जुना टूजी फोन घेतला तर त्यात ते सिम घालूनही उपयोग नाही. एअरटेल आणि व्हीआयचं टूजी अजून चालू आहे. लोक स्वस्तातला डबा उचलतात, घरी जाऊन सिम घालतात आणि मग माझ्याकडे येतात. तुमचा जुना फोन बिघडल्यामुळे बंद पडला की नवं सिम त्याला चालत नव्हतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तिथंही हाच गोंधळ झालेला दिसतोय. एकाच नावाचा फोन दोन्ही प्रकारांत मिळतो, उदाहरणार्थ नोकिया ११० टूजीतही आहे आणि फोरजीतही. दिसायला जवळजवळ सारखेच. डब्यावर फोरजी आणि व्होल्टी (म्हणजे फोरजीवरून बोलणं) लिहिलंय हे स्वतः वाचा. जिओभारत २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आला, स्वस्त आहे, पण त्यात जिओचंच सिम चालतं. पुढं कधी कंपनी बदलावी लागली तर फोनही बदलावा लागेल.

दुसरं, बटणं. प्रत्येक बटण वेगळं, उंचवट्याचं हवं. काही फोनांवर सगळं एकच सपाट रबर असतं, वर फक्त आकडे छापलेले. ते घेऊ नका. पाच नंबरावर एक बारीक टिंब उठलेलं असतं, ते बोटाला लागतं का हे आईंनाच बघू द्या. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या बोटांची जाण कमी झालेली असू शकते, आणि वयानं कातडी कोरडी पडली की काचेचा स्क्रीन बोट ओळखत नाही. आई दाबत होत्या ते चुकीचं नव्हतं, त्यांच्या बोटाला तो फोन दादच देत नसणार.

तिसरं, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. बऱ्याच बटणांच्या फोनांत चौकटीचं बटण (#) दाबून धरलं की फोन सायलेंट होतो. कंबरेला खोचताना, पिशवीत टाकताना ते आपोआप दाबलं जातं. "आई फोन उचलत नाही" म्हणून येणाऱ्यांचा फोन मी हातात घेतो, चौकट दाबून धरतो आणि परत देतो. मी त्याचे पैसे घेत नाही.

चौथं, मेसेजचा डबा. साध्या फोनात ठरावीकच मेसेज मावतात. जाहिरातींनी तो भरला की बँकेचा ओटीपी येतच नाही. आईंच्या नंबरावरून १९०९ वर फोन करून जाहिराती बंद करून घ्या आणि दर खेपेला घरी गेलात की डबा रिकामा करा.

पाचवं, चार्जिंग. माझ्याकडे म्हाताऱ्या माणसांचे सगळ्यात जास्त फोन येतात ते सॉकेट मोडलेले. पिन उलटी घालून जोर केलेला असतो. टाइप-सी असेल तर कुठल्याही बाजूनं जाते. काही फोनांबरोबर चार्जिंगची बैठक येते, फोन नुसता वर ठेवायचा. तेवढ्यासाठी दोनचारशे जास्त द्यावे लागले तरी द्या.

आंब्याची राई

पिन आणि पाना, मनापासून आभार. चौकटीच्या बटणाचं वाचून अंगावर काटा आला. गेल्या वर्षी मार्चमध्ये आईनं दिवसभर फोन उचलला नव्हता. बहीण बेळगावहून गाडी करून पोचली, तेव्हा आई काजू सोलत बसलेली. फोन शेजारी, आवाज बंद. आम्ही तेव्हा तिलाच बोललो होतो. आज तिला फोन करून सांगतो की तिचं काही चुकलं नव्हतं.

निळी सायकल

माझं मत वेगळं आहे, आणि ते मी अनुभवावरून मांडते.

बाबा ८१ वर्षांचे, कोल्हापुरात. आई गेल्यावर ते फार गप्प झाले. माझी मुलगी जर्मनीत आहे. बाबा रोज संध्याकाळी सहा वाजता तिच्याशी व्हिडिओवर बोलतात. दोघं एकमेकांना काय जेवलात ते ताट दाखवतात. बटणांचा फोन दिला असता तर हे झालं नसतं. तेव्हा "म्हातारं माणूस म्हणजे बटणांचाच फोन" असं सरसकट नको.

फक्त स्मार्टफोन दुकानातून आणला तसाच हातात दिला तर तो चालत नाही. तो आधी लावून द्यावा लागतो. सॅमसंगमध्ये इझी मोड आहे, शाओमीत लाइट मोड, बाकीच्यांतही सिम्पल मोड असतो. तो चालू केला की चित्रं मोठी होतात आणि गर्दी कमी होते. आयफोनमध्येही २०२३ च्या आयओएस १७ पासून असिस्टिव्ह अॅक्सेस नावाची सोय आहे. बाबांच्या फोनवर पहिल्या पानावर चारच चित्रं आहेत: फोन, व्हॉट्सअॅप, कॅमेरा, बॅटरी. सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत गेलं की बोट किती वेळ टेकल्यावर ते दाबलं असं मानायचं हे वाढवता येतं, थरथरणाऱ्या हातांना त्यानं फार फरक पडतो. आणि मंडळी, फोन सरकवून उचलायच्या ऐवजी नुसता टेकून उचलायची सोय बऱ्याच फोनांत अॅक्सेसिबिलिटीत असते. काही फोनांत बाजूचं आवाजाचं बटण दाबूनही उचलता येतो. तुमच्या आईंच्या बाबतीत हे आधी करून बघायला हवं होतं.

आंब्याची राई

हे मला माहीत नव्हतं. दुकानात कुणी सांगितलं नाही आणि मीही शोधलं नाही. पण आता आईला तो फोन पुन्हा हातात घ्यायला सांगणं मला बरं वाटत नाही. तिनं तो कपाटात पदराखाली झाकून ठेवलाय.

चौऱ्याहत्तर पावसाळे

मी स्वतः ७४ वर्षांचा आहे, निवृत्त पोस्टमास्तर. धागा वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना, कारण इथं सगळे आमच्याविषयी लिहिताहेत.

आम्हाला शिकवताना तुम्ही एक गोष्ट करता. आम्ही विचारतो, हे कसं करायचं? तुम्ही फोन हातातून घेता, दोन सेकंदांत करून परत देता आणि म्हणता, "झालं बघा." आम्हाला काहीच दिसलेलं नसतं. मग पुन्हा विचारायची लाज वाटते. माझ्या मुलानं तीनदा असं केलं, चौथ्यांदा मी विचारलंच नाही.

माझ्या नातीनं वेगळं केलं. ती शेजारी बसली, हात पाठीमागं घेतले आणि म्हणाली, "आजोबा, मी हात लावणार नाही, तुम्हीच करा." एक वही आणली. त्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं: आधी हिरवं चित्र, मग नाव, मग कॅमेऱ्याचं चित्र. ती वही आजही फोनच्या शेजारी असते. वही माझ्या अक्षरातली आहे म्हणून मला वाचता येते. तुम्ही छापून दिलेला कागद मी दोनदा हरवला.

आणखी एक. आम्हाला न विचारता फोन बदलू नका. जुना फोन मेला तरी त्याच्याशी हाताची ओळख झालेली असते. आईंना दुकानात न्या. त्यांनाच निवडू द्या, चार हजारांचा निवडतील किंवा बाराशेचा. तुमच्या आईंनी स्वतः काय हवं ते सांगितलंय, "हात लावलो की पळता." म्हणजे त्यांना न पळणारा फोन हवाय. एवढं स्पष्ट मागणं माझ्या मुलाकडे मी कधी केलं नाही.

रानजाई

काका, तुमचा प्रतिसाद मी घरच्या ग्रुपवर पाठवते आहे.

तिसरी घंटा

नाशिकला ऑडिओलॉजिस्ट आहे, कानाच्या बाजूनं थोडं लिहिते.

वयानं ऐकू कमी येतं तेव्हा सहसा आधी बारीक, तार स्वर जातात. नव्या फोनांची किणकिणणारी रिंग नेमकी त्याच पट्टीत असते. तुम्हाला ती पलीकडच्या खोलीतून ऐकू येते, आईंना शेजारी असून येत नाही. जाडसर, खालच्या पट्टीची, जुन्या टेलिफोनसारखी रिंग लावा. आणि ती तुमच्या कानानं निवडू नका. फोन ओटीवर ठेवून आईंना स्वयंपाकघरात उभं करा आणि मग एकेक वाजवून बघा.

बोलताना आवाज वाढवायचं बटण फोन चालू असतानाच दाबावं लागतं, हे अनेकांना ठाऊक नसतं, ते आधी दाबतात तेव्हा रिंगचा आवाज वाढतो. लाउडस्पीकर लावला की आवाज मोठा होतो, पण स्पष्ट होतोच असं नाही. डावा कान बरा असेल तर फोन डाव्या कानाला लावायची सवय करा. उजव्या हातानं काम करणारी माणसं सवयीनं उजव्याच कानाला लावतात.

कानामागचं श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी: त्याचा माइक कानाच्या वरच्या बाजूला असतो. फोन कानाच्या भोकाशी न धरता किंचित वर, यंत्राजवळ धरायचा. एवढ्यानं शिट्टी वाजायची थांबते आणि समोरचं बोलणं कळायला लागतं.

आणि तुम्ही स्वतः फोनवर ओरडू नका, सावकाश बोला. ओरडलं की शब्द फाटतात. फोन बदलाल तेव्हा एकदा कानही तपासून घ्या, ही माझी विनंती.

सोनचाफा योकोहामा

जपानमध्ये खास वृद्धांसाठी राकु-राकु नावाचे फोन मिळतात, १९९९ पासून. वर तीन मोठी बटणं असतात, १, २, ३, एकेका माणसासाठी एकेक. समोरच्याचं बोलणं किंचित सावकाश करून ऐकवायचीही सोय असते. माझ्या शेजारच्या आजींकडे आहे, त्या नव्वदीच्या आहेत आणि कुणाची मदत न घेता तो वापरतात. आपल्याकडेही आता इझीफोनसारखे ज्येष्ठांसाठीचे फोन मिळतात, मोठी बटणं आणि मागं एसओएसचं बटण असलेले.

साताऱ्याला माझ्या वडिलांसाठी मी साधाच फोन घेतला आणि दोन नंबराच्या बटणावर नेलपॉलिशचे दोन-तीन थर देऊन टपोरा ठिपका केला. वाळला की खडबडीत लागतो. त्यांना काचबिंदू आहे, नजर कडेनं गेलीय. ठिपका बोटाला लागला की तेवढ्यावर त्यांना माझा नंबर सापडतो.

पिन आणि पाना

ठिपक्याची युक्ती छान आहे ताई. एसओएसविषयी थोडं, कारण लोक त्यावर फार विसंबतात. ते बटण दाबलं की भोंगा वाजतो आणि भरून ठेवलेल्या नंबरांना एकामागून एक फोन जातो. पहिला नंबर बंद असेल आणि तिथं कंपनीची टेप वाजली, तर काही फोन समजतात की कुणीतरी उचललं आणि पुढच्या नंबराकडे जातच नाहीत. म्हणून घेतल्या दिवशी एक फोन मुद्दाम बंद ठेवून तपासा. आणि पहिला नंबर ठाण्याच्या मुलाचा नको, शेजाऱ्याचा ठेवा. तुम्हाला पोचायला रात्र लागेल, त्यांना दोन मिनिटं.

२०१७ पासून फोनांना पॅनिक बटण सक्तीचं आहे. बटणांच्या फोनात ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबराला, फोन जातो. म्हणून या दोन आकड्यांवर घरच्यांचे नंबर ठेवू नका. २, ३, ४, ६ वापरा.

गोठणवाडी

पेन्शनवाल्यांना एक शंका असते की स्मार्टफोन नसेल तर नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याचं काय. काळजी नको. चेहरा दाखवून जीवन प्रमाण (म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला) काढता येतं, पण फोन त्यांचाच असला पाहिजे असं नाही, तुमच्या फोनवर त्यांना समोर बसवून करता येतं. ओटीपी त्यांच्या साध्या फोनवर येतो. कुणीच नसेल तर पोस्टाच्या बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन करून देतो, थोडं शुल्क असतं. बँकेत जाऊन अर्जावर सही करण्याचा जुना मार्गही आहेच.

रिचार्जचंही बघा. आईंना नेट नको, मग नेटचे पैसे का भरायचे? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं (फोन कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) कंपन्यांना फक्त बोलणं आणि मेसेज असलेले रिचार्ज द्यायला सांगितलं, मुदतही ३६५ दिवसांपर्यंत करू दिली. ते कंपनीच्या अॅपवर खाली कुठंतरी असतात, शोधावे लागतात. वर्षाचा एकदम करून टाका, म्हणजे मुदत संपली म्हणून फोन बंद, असं होणार नाही.

आंब्याची राई

हयातीच्या दाखल्याचं फार बरं सांगितलंत. स्मार्टफोन घ्यायचं माझं निम्मं कारण तेच होतं.

निळी सायकल

पुन्हा एकदा लिहिते, कारण मी स्मार्टफोनची बाजू घेतली आणि त्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते खरं होणार नाही.

मे महिन्यात बाबांना एक व्हिडिओ कॉल आला. पलीकडे पोलिसांचा वेश घातलेला माणूस. तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, फोन बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. बाबा दुपारी बारापासून चारपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत. जेवले नाहीत, औषध घेतलं नाही. चार वाजता दूधवाला आला, बाबा दार उघडायला उठेनात, तो आत आला आणि त्यानं सरळ फोन बंद केला. पैसे गेले नाहीत. पण बाबा नंतर पंधरा दिवस दाराची कडी वाजली तरी दचकायचे.

कायद्यात अशी अटक नाहीच. हे मी आता मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या फोनच्या स्टँडवर चिकटवलंय आणि खाली १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. पैसे गेले तर पहिल्या तासात तिथं फोन करायचा. यूपीआयसाठी वेगळं खातं काढलं, त्यात दोनतीन हजारांच्या वर ठेवत नाही. पेन्शनचं खातं कुठल्याच अॅपला जोडलेलं नाही. हे सगळं केलं तरच स्मार्टफोन द्या. ज्यांना एवढं मागं लागायला कुणी नाही, त्यांना बटणांचाच बरा, हे मी मान्य करते.

चौऱ्याहत्तर पावसाळे

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. चार तास एकट्यानं काढणं सोपं नाही. आणि त्यांना सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही. आमची पिढी सरकारी माणसाचा आवाज आला की उभी राहते, त्याचाच ते फायदा घेतात.

पिन आणि पाना

साध्या फोनवरही असे कॉल येतात हं. केवायसी बंद होणार, वीज कापणार, वगैरे. फरक एवढाच की साध्या फोनात ते अॅप घालू शकत नाहीत आणि तोंड दाखवून धमकावू शकत नाहीत. पण ओटीपी तोंडी विचारतातच. ज्येष्ठांसाठीच्या काही फोनांत फक्त साठवलेल्या नंबरांचेच कॉल घ्यायची सोय असते. ती लावली तर बँक, दवाखाना, गॅसवाला हे सगळे नंबर आधी भरून ठेवा, नाहीतर खरा फोनही येणार नाही.

आंब्याची राई

दिवाळीला जाऊन आलो. काय झालं ते लिहितो.

चौऱ्याहत्तर पावसाळे काकांनी सांगितलं तसं आईला घेऊनच कणकवलीला गेलो. तिनं नवं लुगडं नेसलं. आधीच्या दुकानात गेलो नाही, बाजारपेठेतल्या एका लहान दुकानात गेलो. दुकानातल्या मुलीला म्हटलं, सगळे फोरजी बटणांचे काढा आणि आईच्या पुढं ठेवा. मी मागं बाकावर बसलो. बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

आईनं पाच फोन हातात घेतले. एकावर सपाट रबर होतं, तो लगेच बाजूला केला. एक फार हलका होता, म्हणाली, खेळण्यातलो वाटता. मग तिनं मिटणारा फोन उचलला. मुलीनं तिला फोन लावला, आईनं उघडला आणि कानाला धरला. बोलून झाल्यावर मिटला, फोन बंद. तिनं परत उघडला, परत मिटला. "पानाच्या डब्यासारखो आसा," म्हणाली. उघडला की उचलला, मिटला की ठेवला, मध्ये काही लक्षात ठेवायचं नाही. मिटलेला असताना बटणं आत राहतात, त्यामुळे चौकटीचं बटण कंबरेला दाबलं जायचा प्रश्नही मिटला. मला हा प्रकार सुचलाच नव्हता, मी आडवा-सपाट फोनच डोक्यात घेऊन गेलो होतो. बजेटच्या आत बसला. चार्जिंगची बैठक वेगळी घ्यावी लागली.

घरी येऊन दोनवर मी, तीनवर बहीण, असं जुन्या फोनवर होतं तस्संच भरलं. चारवर शेजारचे काका, सहावर रिक्षावाला, सातवर डॉक्टर. पाच आणि नऊ रिकामे. दोनच्या बटणावर बहिणीनं लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. आईनं बोट फिरवून बघितला आणि खरवडून काढला. म्हणाली, माका जागा म्हायत आसा.

रिंग निवडायला अर्धा तास गेला. मी ओटीवर, ती चुलीपाशी. मला आवडलेल्या तिन्ही तिला ऐकू आल्या नाहीत. शेवटी ट्रिंग ट्रिंग जाड आवाजाची लावली, ती मागीलदारीपर्यंत जाते. वर्षाचा बोलण्यापुरता रिचार्ज केला. जीवन प्रमाण माझ्या फोनवर करायचं आहे, नोव्हेंबरात बहीण जाणार आहे तेव्हा.

काचेचा फोन मी परत आणला नाही. आईच म्हणाली, हंयच ऱ्हांवदे, पोरां इली की बघतीत. बहीण गेली की त्यावर व्हिडिओ लावून देईल, आई फक्त समोर बसेल.

ठाण्याला परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला फोन वाजला. आईचा. मी घाबरून उचलला. म्हणाली, "काय नाय रे, दोन नंबराक तूच असस काय ता बघूक फोन केलंय." आणि मिटला. मिटल्याचा टप् आवाज मला इथं ऐकू आला.

एकच राहिलंय. या फोनचा रेडिओ इअरफोन लावल्याशिवाय लागत नाही. जुन्या फोनवर नुसता लागायचा. तिला कानात वायर नको आहे. काही करता येईल का?

पिन आणि पाना

नव्यात नाही करता येणार, इअरफोनची वायरच त्यात अँटेना असते. जुना फोन टाकला नाही ना? तो फक्त चार्जिंग घेत नाही, म्हणजे बहुतेक सॉकेट गेलाय. सॉकेट बदलून घ्या, किरकोळ काम आहे. सिम नसलं तरी बऱ्याच फोनांत रेडिओ लागतो. चुलीपाशी तो नुसता रेडिओ म्हणून ठेवा. बॅटरी फुगली असेल तर मात्र आधी ती बदला, फुगलेली चुलीजवळ नको.

आंब्याची राई

जुना फोन देवघराच्या फडताळात आहे, आईनं फडक्यात गुंडाळून ठेवलाय. बहिणीला सांगतो, जाताना बॅटरी बघेल आणि कणकवलीत सॉकेट बदलून घेईल.